कॅटनची पेटी: चौघांच्या संध्याकाळसाठी घ्यावी का?

कॅटन हा बोर्ड गेम घ्यावा की नाही, याचं उत्तर आधी देऊन टाकतो. घरी नेहमी तीन किंवा चार जण जमत असतील, सगळ्यांना घासाघीस करायला आवडत असेल आणि दीड तास एका जागी बसायची तयारी असेल, तर जरूर घ्या. पाच-सहा जणांचा कंपू असेल तर ही पेटी पहिली घेऊ नका. त्यांच्यासाठी काय करायचं ते पुढे आहे.

हा खेळ घेऊनही तो माळ्यावर जाऊन पडलेली घरं पुण्यात पुष्कळ सापडतील. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'फार लांबतो', 'एकाचंच नशीब फळफळतं', 'मी तासभर नुसता बसून होतो'. या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण बहुतेक वेळा त्यांचं मूळ पेटीत नसतं. पहिल्या दहा मिनिटांत वस्त्या कशाही मांडल्या जातात आणि चार-पाच नियम चुकीचे खेळले जातात, तिथेच डाव बिघडतो. म्हणून या परीक्षणात त्या दहा मिनिटांवर आणि त्या नियमांवर भर दिला आहे.

थोडी ओळख. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने हा खेळ तयार केला. व्यवसायाने ते दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवणारे तंत्रज्ञ होते. खेळ 1995 साली बाजारात आला आणि त्याच वर्षी त्याला 'श्पील देस यारेस' हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार मिळाला. एका बेटावर प्रत्येकाने रस्ते, वस्त्या आणि शहरं बांधायची. जो आधी 10 गुण करेल तो जिंकला. वस्तीचा 1 गुण, शहराचे 2.

पेटी नवी असो की कुणाकडून वापरलेली घेतलेली, आधी मोजणी करा. षटकोनी टाइल्स 19 हव्यात: जंगल, कुरण आणि गव्हाचं शेत प्रत्येकी 4, विटांच्या टेकड्या 3, डोंगर 3 आणि वाळवंट 1. आकड्यांची गोल टोकनं 18 (फाशांवर तो आकडा पडला की त्या टाइलला लागून वस्ती असणाऱ्याला तिचा माल मिळतो). मालाचे पत्ते 95, म्हणजे लाकूड, वीट, मेंढी, गहू आणि दगड यांचे प्रत्येकी 19. डेव्हलपमेंट कार्डं 25. प्रत्येक रंगाचे 15 रस्ते, 5 वस्त्या, 4 शहरं. दोन फासे, एक रॉबर (माल अडवणारं प्यादं), समुद्राच्या चौकटीचे 6 तुकडे. वापरलेल्या पेटीत हमखास हरवलेले असतात ते रस्ते, कारण त्या लहान काड्या सोफ्याच्या फटीत जातात. एक-दोन रस्ते कमी असले तरी खेळ अडत नाही. आकड्याचं एखादं टोकन किंवा विटेचे तीन-चार पत्ते कमी असतील तर मात्र ती पेटी घेऊ नका. ऑनलाइन संशयास्पद स्वस्तात मिळणाऱ्या नकली पेट्यांत पुठ्ठा पातळ असतो आणि समुद्राची चौकट एकमेकांत नीट अडकत नाही. मग बेट सारखं सरकतं, रस्ते जागेवरून हलतात आणि 'इथे माझा रस्ता होता' यावरून वाद सुरू होतो.

सतरंजीवर मांडू नका. कुणी पाणी आणायला उठलं की एका कोपऱ्यातल्या वस्त्या दुसऱ्या कोपऱ्यात जातात. जेवणाचं टेबल उत्तम. टेबल नसेल तर पूर्ण मापाचा, म्हणजे आतून 74 सेंटिमीटरचा कॅरम बोर्ड स्टुलावर किंवा चौरंगावर ठेवा. बेट त्यावर आरामात मावतं आणि कडेच्या लाकडी चौकटीमुळे फासे बाहेर पळत नाहीत. आधी पावडर मात्र ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर टाइल्स घसरतात आणि पत्त्यांना पांढरं लागतं. प्रत्येकाला रस्ते-वस्त्या ठेवायला एकेक वाटी द्या. मालाचे पाच गठ्ठे पंख्याखाली उडतात. पंखा एकवर ठेवा किंवा गठ्ठे बोर्डाच्या चौकटीला टेकवून ठेवा.

आता ती पहिली दहा मिनिटं.

नवख्यांसोबत खेळताना नियमपुस्तिकेत दिलेला तयार नकाशाच मांडा. त्यात कुणालाही फार वाईट जागा मिळणार नाही याची काळजी घेतलेली आहे. दोन-तीन डाव झाले की टाइल्स पिसून मांडा. टोकनांच्या मागे ए ते आर अशी अक्षरं आहेत. कोपऱ्याच्या एका टाइलपासून सुरुवात करून घड्याळाच्या उलट दिशेने, बाहेरून आत गोल फिरत, अक्षरांच्या क्रमाने ती ठेवायची. वाळवंट आलं की ते सोडून पुढे. हा क्रम पाळला तर लाल 6 आणि 8 आपोआप एकमेकांपासून लांब राहतात. टोकनं अंदाधुंद टाकली तर दोन लाल आकडे शेजारी येऊ शकतात, आणि तिथे ज्याची वस्ती बसेल तो पुढे निघून जातो. 'एकाचंच नशीब फळफळतं' ही तक्रार अनेकदा इथे जन्माला येते.

प्रत्येक आकड्याखाली बारीक ठिपके आहेत. नवखे लोक ते नक्षी समजतात. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी तो आकडा किती वेळा पडतो, ते हे ठिपके सांगतात. 6 आणि 8 खाली पाच, 5 आणि 9 खाली चार, 4 आणि 10 खाली तीन, 3 आणि 11 खाली दोन, 2 आणि 12 खाली एक. वस्ती तीन टाइल्सच्या चौकात बसते, म्हणून त्या तिन्हींच्या ठिपक्यांची बेरीज करायची. 10 किंवा जास्त आली तर जागा चांगली. 8 पेक्षा कमी असेल तर तिथे बसायला दुसरं काही जबर कारण हवं.

एक उदाहरण जवळून बघू. पहिली वस्ती गहू 9, दगड 5, मेंढी 10 यांच्या मध्ये: 4 अधिक 4 अधिक 3, म्हणजे 11 ठिपके. दुसरी लाकूड 6, वीट 4, मेंढी 11 यांच्या मध्ये: 5 अधिक 3 अधिक 2, म्हणजे 10. एकूण 21. चौघांच्या एका फेरीत फासे चार वेळा पडतात, म्हणजे फेरीला सरासरी 21 गुणिले 4 भागिले 36, साधारण सव्वादोन पत्ते. पाचही माल हाताशी आहेत आणि आकडेही सहा वेगळे आहेत, त्यामुळे एखादा आकडा पडायचाच थांबला तरी हात रिकामा राहत नाही. आता हेच दोन वस्त्या दोन वेगळ्या 6 वर बसवून केलं, तर ठिपके तितकेच भरतील. पण अर्धा तास 6 पडलाच नाही तर तो खेळाडू फासे टाकून पुढे सरकवण्यापलीकडे काही करणार नाही.

वस्त्या मांडायचा क्रम 1-2-3-4 आणि मग उलटा 4-3-2-1. चौथ्याला दोन्ही वस्त्या लागोपाठ मिळतात, म्हणून त्याचं फारसं नुकसान होत नाही. दुसऱ्या वस्तीभोवतीच्या तीन टाइल्सचा एकेक पत्ता सुरुवातीलाच हातात येतो, पहिलीचा नाही. हे बरेच जण विसरतात किंवा दोन्हींचे घेतात. वरच्या उदाहरणात लाकूड-वीट-मेंढीची वस्ती दुसरी ठेवली, तर पहिल्याच पाळीला एक रस्ता तयार. नवी वस्ती आधीच्या कुठल्याही वस्तीपासून किमान दोन रस्ते लांब हवी आणि पहिला रस्ता फुकट मिळालेला असतो. म्हणून तिसऱ्या वस्तीला एक रस्ता आणि वस्ती मिळून 2 लाकडं, 2 विटा, 1 मेंढी, 1 गहू लागतात. त्यातले तीन पत्ते हातात आहेतच.

यापुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा: तिसरी वस्ती कुठे जाणार हे पहिल्या दोन मांडतानाच ठरलेलं असावं. पहिला रस्ता त्या दिशेनेच टाका. रस्ता बेटाच्या आत, गर्दीत टाकला की दोन फेऱ्यांत दुसरा कुणीतरी समोर येऊन बसतो आणि वाट बंद होते. दोन्ही वस्त्या अशा कोंडल्या गेल्या तर त्या माणसाला खरंच तासभर करण्यासारखं फार थोडं उरतं. कॅटनमध्ये कुणी बाद होत नाही, पण असा कोंडलेला खेळाडू बाद झाल्यासारखाच असतो. खेळाचा हा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि त्यावर उपाय फक्त मांडणीच्या वेळीच करता येतो. नवख्याच्या मांडणीकडे जाणत्याने लक्ष द्यावं आणि 'इथून पुढे कुठे जाशील?' एवढं विचारावं. तेवढ्याने अख्खी संध्याकाळ वाचते.

बांधकामाचा भाव तोंडपाठ असावा. रस्ता: लाकूड, वीट. वस्ती: लाकूड, वीट, मेंढी, गहू. शहर: 3 दगड, 2 गहू. डेव्हलपमेंट कार्ड: दगड, मेंढी, गहू. आता गुणाचा हिशोब करा. डाव मध्यावर आल्यावर नव्या वस्तीला साधारण दोन रस्ते आणि वस्ती मिळून 8 पत्ते लागतात, मिळतो 1 गुण. असलेल्या वस्तीचं शहर करायला 5 पत्ते लागतात, वाढतो तोही 1 गुण, आणि वर त्या जागेचा माल दुप्पट. सुरुवातीला वीट आणि लाकूड सोन्याच्या मोलाचं, नंतर गहू आणि दगड. विटेच्या आणि दगडाच्या टाइल्स तीन-तीनच आहेत, म्हणून त्यांची ओढाताण होते. फक्त वीट-लाकडावर भिस्त ठेवणारा पहिल्या अर्ध्या तासात पुढे दिसतो आणि पाच वस्त्या संपल्या की अडतो. शहर बांधलं की ती वस्ती हातात परत येते. शहरंच बांधता येत नसतील तर सहावी वस्ती मिळणार कुठून?

आता चुकीचे खेळले जाणारे नियम. यातला एक जरी चुकला तरी डावाची लांबी आणि चव बदलते.

7 पडला की ज्याच्याकडे 7 पेक्षा जास्त पत्ते आहेत त्याने अर्धे परत करायचे. सातच असतील तर काही नाही. 9 असतील तर 4 जातात, 5 राहतात. हे सगळ्यांना लागू, ज्याने फासे टाकले त्यालाही. काही घरांत 'आपली पाळी नाही तर सूट' असं खेळतात. मग सगळे पत्ते साठवत बसतात आणि डाव रेंगाळतो. एक आकडा लक्षात ठेवा: आपली पाळी संपल्यापासून पुन्हा आपल्याला खरेदी करता येईपर्यंत, चौघांच्या डावात फासे चार वेळा पडतात. त्यात एकदा तरी 7 पडण्याची शक्यता शंभरात 52 आहे. आठ पत्ते हातात धरून पाळी सोडणं म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा चार पत्ते पाण्यात घालणं. त्यापेक्षा एक रस्ता टाका.

7 टाकणाऱ्याला रॉबर हलवावाच लागतो, तो होता तिथे ठेवता येत नाही. तो ज्या टाइलवर बसेल त्या टाइलचा माल बंद, आणि तिथे वस्ती असलेल्या एकाच खेळाडूचा एक पत्ता न बघता ओढायचा. सगळ्यांकडून एकेक नाही. सुरुवातीच्या दोन फेऱ्यांत 7 पडला तर फासे पुन्हा टाकायचे, हा घरगुती नियम नवख्यांसाठी चांगला आहे. त्याने सुरुवातीलाच कुणी हिरमुसत नाही.

देवघेव फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशी. बाकीचे तिघे आपापसांत काही बदलू शकत नाहीत. फुकट देणंही नाही. नवरा-बायको किंवा जिवलग मित्र एकाच डावात असले की हा नियम आधी मोठ्याने सांगून ठेवावा.

डेव्हलपमेंट कार्ड ज्या पाळीत घेतलं त्याच पाळीत खेळता येत नाही. एका पाळीत एकच खेळायचं. फासे टाकण्याआधीही खेळता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्या 8 वर रॉबर बसला असेल तर नाइट, म्हणजे रॉबर हलवणारं शिपायाचं कार्ड, आधी खेळा, रॉबर हलवा आणि मग फासे टाका. 25 कार्डांत 14 नाइट आहेत, 5 थेट गुणाची. बाकी सहांत दोन फुकट रस्ते देणारी, दोन कुठलेही दोन पत्ते देणारी आणि दोन मोनोपॉलीची आहेत. मोनोपॉलीत एका मालाचं नाव घेतलं की सगळ्यांनी तो माल मुकाट्याने द्यायचा. गुणाची कार्डं झाकून ठेवायची आणि जिंकताना एकदम उघडायची, त्यांना 'त्याच पाळीत नाही' ही अट नाही.

सर्वांत लांब रस्त्याचे 2 गुण मिळायला किमान 5 रस्ते सलग हवेत, मोठ्या सैन्यासाठी किमान 3 नाइट. दोन्ही हिसकावून घ्यायचे तर बरोबरी पुरत नाही, जास्तच लागतात. फाटे मोजायचे नाहीत, सलग एकच वाट मोजायची. दुसऱ्याची वस्ती मध्ये येऊन बसली तर रस्ता तिथे तुटतो. डाव आपल्याच पाळीत जिंकायचा. दुसऱ्याच्या पाळीत दहा गुण झाले तरी आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं.

एखाद्या मालाचे पत्ते बँकेत, म्हणजे मालाच्या गठ्ठ्यांत, सगळ्यांना पुरेसे नसतील, तर त्या वेळी तो माल कुणालाच मिळत नाही. एकट्यालाच मिळणार असेल तर त्याला जेवढे उरले तेवढे. 'आधी मी मागितले' हा रडीचा डाव इथे चालत नाही.

आता या खेळाचा जीव: घासाघीस. मंडईत भाजी घेताना जी भाषा तोंडात येते तीच इथे येते. 'दोन मेंढ्या घे, एक वीट दे.' 'एकच देईन, आणि पुढच्या 7 ला रॉबर माझ्यावर नको.' हा शब्द पाळायचा की नाही, नियमात काही बांधलेलं नाही; टेबलावर ठरवा. चांगली देवघेव करणारा माणूस समोरच्याला काय हवंय ते आधी बघतो. ज्याच्या वस्त्या दगडावर आहेत पण गव्हावर नाहीत, त्याला गहू विका, कारण तो शहरासाठी अडलेला असतो आणि भाव देतो. आठ गुणांवर पोचलेल्याला काहीही विकू नका, दुप्पट भाव दिला तरी नाही. कुणीच देत नसेल तर बँक चारास एक देते. बंदरावर वस्ती असेल तर तिनास एक, आणि त्या मालाचं खास बंदर असेल तर दोनास एक. नऊ बंदरांपैकी चार साधी, पाच खास. मेंढ्या भरपूर येत असतील तर मेंढीचं बंदर पकडा, नाहीतर मेंढ्यांना कुणी विचारत नाही.

लांबण्यावरचा उपाय साधा आहे. देवघेवीला एका पाळीत एक मिनिट. पुढच्याने फासे हातात घेऊन ठेवायचे. बँक एकानेच सांभाळायची, चौघांचे हात गठ्ठ्यात नकोत. एवढं केलं की जाणत्या चौघांचा डाव सव्वा ते दीड तासात संपतो, नवखे असतील तर शिकवण्यासकट दोन तास धरा. तिघांत तो जास्त मोकळा होतो, पण देवघेव थोडी कमी रंगते. माझ्या मते चारच सर्वोत्तम. पेटीवर वय 10 च्या पुढे लिहिलंय. त्याहून लहान मूल असेल तर त्याला कच्चा लिंबू न करता कुणाच्या तरी जोडीला बसवा आणि बँक त्याच्याकडे द्या. पत्ते मोजून देणं मुलं मनापासून करतात.

पाच-सहा जणांसाठी वेगळी पूरक पेटी मिळते. तिच्याने खेळ दोन तासांच्या पुढे जातो आणि आपली पाळी येईपर्यंतचा वेळ फार वाढतो. मी ती सुचवणार नाही.

त्याऐवजी सुरुवात शब्दांच्या खेळाने करा. पुण्यात शनिवारी साडेसहा ठरलं की कोथरूडवाले वेळेवर येतात आणि हिंजवडीहून येणारे साडेसातला. तोवर कॅटन मांडता येत नाही, कारण मध्येच शिरायची सोय त्यात नाही. 'कोडनेम्स' या खेळात मात्र कुणीही कधीही एका गटात बसू शकतं. व्लादा ख्वातिल यांचा हा 2015 चा खेळ. टेबलावर 5 बाय 5 असे 25 शब्द. त्यातले 9 एका गटाचे, 8 दुसऱ्याचे, 7 कुणाचेच नाहीत आणि 1 घातकी. तो उचलला की गट तिथेच हरला. कुणाचा शब्द कुठला हे फक्त दोन्ही गटांच्या म्होरक्यांना माहीत. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, गटाने शब्द ओळखायचे. सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक जास्त प्रयत्न करता येतो.

मूळ पेटीतले शब्द इंग्रजी आहेत आणि तिथे सगळ्यांची जीभ सारखी चालत नाही. म्हणून मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या करा. हा खेळ मराठीत अधिक रंगतो असं माझं ठाम मत आहे, कारण दोन-तीन अर्थांचे छोटे शब्द आपल्याकडे खच्चून आहेत. पान: झाडाचं, विड्याचं, वहीचं आणि पंगतीतलंही. अंक: आकडा, नाटकाचा भाग, दिवाळी अंक. नाव, हार, वर, कर, मान, भाव, चाल, तार, काळ, घाट, कळ, माळ, पूर, दर, डाव. जाड पुठ्ठ्याचे 4 बाय 6 सेंटिमीटरचे तुकडे कापून जाड पेनने लिहा. साधा कागद आरपार दिसतो आणि उडतो. शंभर शब्द झाले की दोन-तीन संध्याकाळी पुनरावृत्ती जाणवत नाही. 'लग्न, 3' म्हटलं की हार, वर आणि मान तिन्ही येतात. पण दुसऱ्या गटाची 'माळ' शेजारी पडलेली असेल तर गट तिकडेच धावतो. 'नाटक, 2' म्हटलं तर अंक नक्की. चाल की पडदा यावर गटात जी चर्चा होते, तीच या खेळाची मजा.

मराठीत खेळताना दोन गोष्टी आधी ठरवा. टेबलावरचा शब्द कुठल्याही विभक्तीत किंवा समासात सूचना म्हणून चालणार नाही. 'पान' समोर असताना 'पानपुडा' बाद. आणि इंग्रजी सूचना चालेल की नाही, तेही आधीच. म्होरक्याने चेहरा कोरा ठेवायचा, सुस्कारासुद्धा टाकायचा नाही. एक डाव वीस मिनिटांत होतो.

सहा जण असतील आणि शब्दांचा कंटाळा आला तर कॅटनमध्ये दोन जोड्या आणि दोन एकटे असं चार रंगांत खेळा. जोडीची आपसांतली कुजबुज थोडी वेळ खाते, पण पूरक पेटीपेक्षा हे नक्कीच बरं. घासाघीस ज्यांना नकोशी वाटते त्यांनी 'टिकट टू राइड' हा खेळ बघावा. शांत बसून डोकं चालवणाऱ्या दोघा-तिघांना 'अझूल' आवडेल.

खाणं डावाच्या आधी किंवा नंतर, मध्ये नाही. भेळ टेबलावर आली की चिंचेचं पाणी पत्त्यांना लागणारच, आणि बाकरवडीचं तेल पत्त्याच्या कडेला एकदा मुरलं की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो. रॉबरने न बघता ओढायचा पत्ता ओळखू यायला लागला, तर खेळ गेला. फारच भूक लागली तर फुटाणे किंवा कोरडे शेंगदाणे वाटीत. चहाचे कप बोर्डाच्या पातळीपेक्षा खाली, वेगळ्या स्टुलावर.

पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं घालावीत का? रोज खेळत नसाल तर गरज नाही. घालायचीच तर आधी पट्टीने पत्ता मोजा. कॅटनचे पत्ते नेहमीच्या पत्त्यांपेक्षा लहान आहेत, मोठ्या पाकिटात ते खुळखुळतात आणि नीट पिसता येत नाहीत. सुट्या वस्तूंसाठी तुळशीबागेत मिळतात तशा मण्यांच्या झाकणवाल्या छोट्या डब्या घ्या, चार रंगांना चार आणि टोकनांना एक. यामुळे मांडामांड पंधरा मिनिटांवरून पाचावर येते.

पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो, टाइल्स वाकतात आणि चौकट एकमेकांत बसत नाही. पेटी भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नका, कपाटात आडवी ठेवा आणि आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. वाकलेली टाइल सरळ करायला उन्हात टाकू नका, रंग उडतो. जाड पुस्तकांखाली दोन दिवस दाबून ठेवली की बऱ्यापैकी सरळ होते. गठ्ठ्यांना रबरबँड लावू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो मऊ होऊन वरच्या पत्त्याला चिकटतो आणि सोडवताना छपाई सोलून निघते. कागदाची पट्टी गुंडाळलेली पुरते.